नत्र, स्फुरद, पालाश

नत्र, स्फुरद आणि पालाश ही नावे महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या तोंडी इतकी रुळली आहेत, की ती कधी काळी मुद्दाम घडविली गेली असावीत अशी शंकाही येत नाही. एकोणिसाव्या शतकात पाश्चात्त्य रसायनशास्त्र मराठीत उतरू लागले, तेव्हा धातू आणि गंधक वगळता बहुतेक मूलद्रव्ये भाषेला अनोळखी होती. कोल्हापूरच्या बाळाजी प्रभाकर मोडकांसारखे ग्रंथकार आणि मातृभाषेतून तंत्रशिक्षण देण्यासाठी १८९० मध्ये निघालेले बडोद्याचे कलाभवन यांच्यापुढे हाच प्रश्न होता.

त्या पिढीच्या परिभाषेत एक मार्मिक युक्ती दिसते. ‘पालाश’ कानाला पोटॅशसारखा लागतो आणि पळसाच्या राखेपासून क्षार काढण्याची वैद्यकातील जुनी रीतही सुचवितो. ‘स्फुरद’मध्ये फॉस्फरसचा ध्वनी आहे, तसाच ‘प्रकाश देणारा’ हा ग्रीक अर्थही. सोडियमला ‘सिंधु’ म्हणताना सैंधव आठवते. बंगालीने ‘अम्लजान’ हा शब्द घेतला आणि ऑक्सिजन हा आम्लांचा जनक, ही लव्हाझिएची चूकही सोबत घेतली. ‘प्राणवायू’ म्हणणारी मराठी तीतून सुटली.

पुढे लाहोरहून नागपुरास आलेल्या डॉ. रघुवीरांनी ध्वनीचा मोह टाळून सर्वस्वी संस्कृत घडण स्वीकारली. ऑक्सिजन म्हणजे जारक, नायट्रोजन म्हणजे भूयाति. ‘धातु’तील ‘आतु’ जोडून सोडियमचे क्षारातु, पोटॅशियमचे दहातु. रचना निर्दोष होती, पण त्यांतील एकही शब्द कोणाच्या व्यवहारात नव्हता. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय शब्दावली आयोगाने मूलद्रव्यांची आंतरराष्ट्रीय नावेच ठेवण्याचे तत्त्व अंगीकारले. सूत्रे रोमन अक्षरांतच लिहावयाची असल्याने निर्णय व्यवहार्य होता. मात्र त्याने स्फुरद आणि जारक यांना एकाच मापाने मोजले.

शाळेतून नत्र गेले, शेतात राहिले. तेथे त्याच्या सोबत्यांचे अर्थही सरकले. १०:२६:२६ या खतातील २६ टक्के ‘स्फुरद’ म्हणजे फॉस्फरस नव्हे. ते प्रमाण त्याच्या पेंटॉक्साइडच्या हिशेबाने मोजतात आणि त्यात मूलद्रव्य सुमारे ११ टक्केच भरते. ‘पालाश’ही तसेच पोटॅशियमच्या ऑक्साइडवरून मोजले जाते. माती परीक्षणाच्या अहवालात ‘सेंद्रिय कर्ब’ हा रकाना अजून आहे.