संग्रहालयांची वार्षिक प्रेक्षकसंख्या : बडोदे

एखादे संग्रहालय वर्षभरात किती जणांनी पाहिले, याची मोजदाद म्हणजे वार्षिक प्रेक्षकसंख्या. बडोद्यात अशी तुलना करताना दोन संस्था प्रथम डोळ्यांपुढे येतात. बडोदा म्युझियम अँड पिक्चर गॅलरी सयाजीबागेत, म्हणजे बडोदेकरांच्या कमाटीबागेत आहे. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी उभारलेल्या या संग्रहालयाची इमारत १८९४ मध्ये पुरी झाली. चित्रशाळेची इमारत १९१४ मध्ये बांधून झाली, पण पहिल्या महायुद्धामुळे युरोपातली चित्रे अडकून पडली आणि चित्रशाळा १९२१ मध्ये खुली झाली. दुसरी संस्था लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातले महाराजा फत्तेसिंह संग्रहालय (१९६१). पहिले राज्य सरकारचे, दुसरे खासगी न्यासाचे.

दोन्हींची नुसती बेरीज शेजारी मांडून थोरले-धाकटे ठरवणे अन्यायाचे आहे. बागेत फिरायला आलेले कुटुंब सहज संग्रहालयाकडे वळते. मुलांना ओढ असते ती मही नदीच्या मुखाशी सापडलेल्या निळ्या देवमाशाच्या ७० फुटांहून लांब सांगाड्याची आणि इजिप्तच्या ममीची. अकोट्याच्या जैन कांस्यमूर्ती हे या संग्रहाचे खरे वैभव. पण तिकिटाच्या आकड्यात देवमाशाचा प्रेक्षक आणि मूर्तींचा अभ्यासक एकच धरला जातो. फत्तेसिंह संग्रहालयात माणूस राजा रविवर्म्याची चित्रे पाहायला मुद्दाम जातो, किंवा राजवाडा पाहून झाल्यावर. म्हणून पहिल्याचा आलेख शाळांच्या सहली आणि सुट्ट्यांशी, तर दुसऱ्याचा पर्यटकांच्या येण्याजाण्याशी ताडून पाहावा. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी केवडियाच्या सरदार पटेलांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. त्यामुळे पर्यटकांची ये-जा बदलू शकते, म्हणून राजवाड्याकडचे त्याआधीचे व नंतरचे आकडे वेगवेगळे वाचणे बरे.

संस्थेची तुलना तिच्याच एखाद्या सुरळीत वर्षाशी करावी. ते वर्ष १०० मानले की लहानमोठ्या संस्था एका पट्टीवर येतात. पॅरिसच्या लूव्रला २०१९ मध्ये सुमारे ९६ लाख, २०२० मध्ये २७ लाख आणि २०२४ मध्ये ८७ लाख प्रेक्षक आले. म्हणजे १००, २८ आणि ९१. मात्र वर्ष कोणते धरले, हे आधी पाहिले पाहिजे. जागतिक याद्या जानेवारी ते डिसेंबर मोजतात, आपल्या सरकारी संस्थांचा हिशेब एप्रिल ते मार्च चालतो. मार्च २०२० मध्ये करोनाची टाळेबंदी आली तेव्हा २०१९-२० हे वर्ष जवळपास संपले होते, त्यामुळे त्या वर्षाचा आकडा फारसा खचत नाही. मुख्य फटका २०२०-२१ वर दिसतो. उलट इंग्रजी २०२० सालात टाळेबंदीपूर्वीचे अडीच महिने मिसळलेले असतात. हे न पाहता बडोदे आणि पॅरिस यांची घसरण जोखली, तर फरक संस्थांचा नसून पंचांगाचा निघतो.

दुरुस्तीच्या वर्षांचेही तेच. मुंबईचे भाऊ दाजी लाड संग्रहालय जीर्णोद्धारासाठी काही वर्षे बंद राहून २००८ मध्ये पुन्हा उघडले. अशा वर्षांच्या रकान्यात शून्य न लिहिता तो रिकामा ठेवून कारण नोंदवावे. शून्य लिहिले की सरासरी कोसळते आणि दार बंद होते म्हणून लोक आले नाहीत, ही गोष्ट तक्त्यात उरत नाही.