घर्षणमापन, रस्त्याचे (वाहन-संवेदकांद्वारे)

धावत्या मोटारीतील संवेदकांच्या नोंदींवरून टायर आणि रस्ता यांच्यातील पकड अजमावण्याची पद्धत. ही पकड घर्षण गुणांकात मोजतात. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो साधारण ०.८ असतो, बर्फाचा पापुद्रा धरलेल्या रस्त्यावर ०.१ पर्यंत उतरतो. ताशी ७२ किमी वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून पहिल्या रस्त्यावर सुमारे २५ मीटरांत थांबते, दुसऱ्यावर २०० मीटरही अपुरे पडतात. हा पापुद्रा पारदर्शक असल्याने चालकाला बहुधा दिसतच नाही.

रस्त्यावर पाणी सोडत चाचणीचे चाक फिरवणाऱ्या खास मापनगाड्या फार पूर्वीपासून आहेत. पृष्ठभाग किती झिजला हे त्या नेमके सांगतात. पण तासाभरात गोठणाऱ्या रस्त्याची खबर त्यांच्याकडून वेळेत मिळणे अशक्य. रोजच्या रहदारीतील मोटारींकडे लक्ष वळले ते यामुळे. ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा (एबीएस) असलेल्या गाडीत प्रत्येक चाकाची गती मोजली जातेच. इंजिनाचा जोर मिळणारे चाक गाडीच्या वेगापेक्षा किंचित जलद फिरते. या फरकाला स्लिप म्हणतात. तेवढाच जोर लावूनही स्लिप जास्त दिसली, तर पकड कमी असण्याचा संभव असतो. साध्या चालवण्यात ही स्लिप जेमतेम एखादा टक्का असते आणि संवेदकांच्या गोंगाटात हरवते. स्वीडनमधील लिंशोपिंग विद्यापीठाचे फ्रेड्रिक गुस्ताफसन यांनी १९९७ मध्ये कालमन गाळणी या गणिती पद्धतीच्या साहाय्याने ती वेगळी काढण्याची रीत मांडली.

खरी अडचण मात्र गणिताच्या पलीकडची आहे: पकड जितकी वापरावी तितकीच कळते. जपून, एकसारख्या वेगाने जाणारी गाडी रस्त्याकडे फारसे काही मागत नाही, म्हणून तिला उत्तरही मिळत नाही. जोराचा ब्रेक लागून एबीएस सुरू झाले की पकडीची कमाल मर्यादा उघड होते; पण तेव्हा धोका समोर ठाकलेला असतो. वळणावर स्टिअरिंगला जाणवणारा परतीचा पीळ टायर घसरण्याआधीच ओसरू लागतो, म्हणून ही खूण अधिक मोलाची. टायर हिवाळी की उन्हाळी, नवा की झिजलेला, यानेही आकडा बदलतो. अशा वेळी अंदाजासोबत त्याची खात्री किती हे सांगणे अनिवार्य मानले पाहिजे. निसरड्या रस्त्याला सुरक्षित ठरवणारी नोंद ही नोंद नसण्याहून घातक असते.

एका गाडीची ही उणीव अनेक गाड्या भरून काढतात. व्होल्वो कंपनीने स्वीडन व नॉर्वेच्या रस्ते प्रशासनांसह २०१४ मध्ये ५० मोटारींचा प्रयोग जाहीर केला. पुढच्या वर्षी तो १००० मोटारींवर नेला. गाडीला निसरडा पट्टा लागला की त्याचे स्थान मध्यवर्ती संगणकाकडे जाते आणि मागून येणाऱ्या चालकांना इशारा मिळतो. कुठे मीठ टाकायचे, कुठला रस्ता आधी खरवडायचा, हे ठरवतानाही देखभाल यंत्रणेला या नोंदींचा आधार होतो. गरज नसलेल्या रस्त्यावर मीठ पडत नाही आणि कडेची माती व पाणी तेवढे वाचते.