एक ‘प’, तीन गाणी

बिलोलीच्या एका शाळेत परिपाठाच्या वेळी आमची झालेली फजिती आधी सांगतो, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्यातूनच निघाला आहे. नांदेड जिल्ह्यातला हा तालुका तेलंगणाला लागून आहे. १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्यात होता, आणि आजही इथल्या काही घरांत तेलुगू बोलणारी मुले शाळेत मराठीत शिकतात. शाळेत एक जुना संगणक होता. माउस बिघडलेला, कळफलक मात्र शाबूत. परिपाठाचा क्रम ठरलेला : राष्ट्रगीत, मग राज्यगीत (‘गर्जा महाराष्ट्र माझा’ला हा मान १९ फेब्रुवारी २०२३ पासून आहे), मग प्रार्थना आणि शेवटी समूहगीत.

माउस नसला तरी बिघडत नाही, असे म्हणून आम्ही वीसेक ओळींची एक आज्ञावली लिहून दिली. लिनक्समध्ये आज्ञा टाइप करण्यासाठी जी काळी खिडकी असते, म्हणजे टर्मिनल, तिच्यात ती चाले. मागचे गीत, थांब आणि बंद यांना एकेक कळ ठरवलेली. बाकी कोणतीही कळ दाबली तर पुढचे गीत. दोन दिवस सारे सुरळीत चालले. तिसऱ्या दिवशी सातवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, ‘पुढे’साठी ‘प’ का नाही?” प्रश्न रास्त होता. इतर कोणतीही कळ चालत असल्याने आज्ञावलीत काही बदलायचेही नव्हते. कळफलक तेवढा मराठी केला. दुसऱ्या दिवशी राष्ट्रगीत संपले, मुलीने ‘प’ दाबला आणि राज्यगीताऐवजी एकदम समूहगीत सुरू झाले! परिपाठ संपल्यावर पुन्हा करून पाहिले. दर वेळी तेच. एक ‘प’ दाबला की गाडी बरोबर तीन गाणी पुढे.

कधी एक, कधी पाच असे झाले असते तर आम्ही यंत्राला दोष दिला असता. पण नेमके तीनच? नियमाने होणाऱ्या चुकीला कारण असते, आणि इथे ते शोधताना बरेच मागे जावे लागले.

सुरुवात एन्टरपासून करू. टाइपरायटरवर ओळ संपली की डाव्या हाताने दांडा सरकवून कॅरेज मागे न्यायचे, हे टायपिंगचा वर्ग केलेल्यांना ठाऊक असेल. त्या दांड्याचा वंशज म्हणजे आजची एन्टरची कळ. मधली पिढी टेलिप्रिंटरची. १९६३ साली आलेले टेलिटाइप मॉडेल ३३ हे यंत्र सेकंदाला दहा अक्षरे कागदावर छापी. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून केन थॉम्प्सन, डेनिस रिची आणि त्यांचे सहकारी युनिक्स ही कार्यप्रणाली घडवत होते, तेव्हा त्यांचे पडदा आणि कळफलक असे दोन्ही म्हणजे हेच यंत्र. लिनक्समध्ये टर्मिनलचे नाव अजून ‘टीटीवाय’ आहे, ते टेलिटाइपचेच आखूड रूप.

कागदावर उमटलेले अक्षर खोडता येत नाही. म्हणून त्या युनिक्समध्ये चूक झाली की पुढे हॅशचे चिन्ह टाइप करायचे. मागचे एक अक्षर रद्द, असा त्याचा अर्थ. हे जमायचे तर ओळ पुरी होईपर्यंत सगळी अक्षरे कुणीतरी धरून ठेवायला हवीत. ते काम कार्यप्रणालीने आपल्याकडे घेतले. ओळ पूर्ण झाली, एन्टर दाबला, की मगच ती आज्ञावलीच्या हाती द्यायची. एकाच संगणकावर अनेकांनी काम करण्याच्या त्या दिवसांत यात दुसरीही सोय होती, कारण प्रत्येक अक्षरासाठी आज्ञावलीला जागे करणे महागात पडे. आपल्या टर्मिनलमध्ये हीच रीत चालू आहे. गाणे बदलायला मात्र ती अडचणीची. म्हणून आमच्या आज्ञावलीत ‘रीड’ या आज्ञेला बजावलेले असते की ओळीची वाट पाहू नकोस, एक अक्षर आले की लगेच दे.

त्याच बेल प्रयोगशाळेत बोट आणि सूर यांच्यातले अंतर आणखी एकाने कमी करत आणले होते. मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ साली संगणकाकडून १७ सेकंदांचे संगीत तयार करून घेतले. त्यासाठी वापरलेला आयबीएम ७०४ न्यूयॉर्क शहरात होता. तिथे आकडे काढायचे, ते चुंबकीय फितीवर घ्यायचे, फीत न्यू जर्सीतल्या प्रयोगशाळेत आणून आकड्यांचा आवाज करायचा, तेव्हा कुठे ऐकायला मिळे. आकडे किती लागतात याचा हिशेब वर्गात सहज करता येईल. सीडीच्या पद्धतीने ध्वनी साठवताना सेकंदाला ४४,१०० वेळा मोजमाप होते. म्हणजे ५२ सेकंदांच्या राष्ट्रगीतासाठी एका बाजूच्या कर्ण्याला २२,९३,२०० आकडे! शाळेतला तो जुना संगणकही हे हसतखेळत करतो.

आता ‘प’कडे येऊ. संगणकाला अक्षर नव्हे, आकडा कळतो. इंग्रजीचे प्रत्येक अक्षर एका बाइटमध्ये बसते. भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाची सांकेतिक पद्धत तयार झाली आणि १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने तिला मानकाचा दर्जा दिला. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट तंत्रज्ञान याच पद्धतीवर चाले. इस्कीत ‘प’ एकाच बाइटचा होता. मात्र त्या बाइटचा अर्थ ‘प’ आहे हे समोरच्या संगणकाला आधी माहीत असावे लागे. नाहीतर तोच आकडा त्याला युरोपातले एखादे अक्षर वाटे. जगातल्या सर्व लिप्यांना एकाच यादीत घेणाऱ्या युनिकोडने देवनागरीचा क्रम इस्कीवरून घेतला. पण यादी मोठी, म्हणून आकडेही मोठे. ते बाइटमध्ये कसे बसवायचे? सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतील एका खाणावळीत थॉम्प्सन यांनी रॉब पाइक यांच्यासमोर, ताटाखाली घालायच्या कागदावर त्याचा आराखडा मांडला. तेच थॉम्प्सन, युनिक्सवाले. ती पद्धत म्हणजे यूटीएफ-८. तिच्यात इंग्रजी अक्षराला पूर्वीसारखा एकच बाइट पुरतो, देवनागरीच्या अक्षराला तीन लागतात. वाटणी असमान आहे हे खरे. पण जुन्या इंग्रजी फाइलींना धक्का न लावता सगळ्या लिप्या आत घेणे तिच्यामुळेच जमले, हेही मान्य करावे लागते.

तीन बाइट! मुलीने कळ एकच दाबली होती. पण तो संगणक जुन्या, केवळ इंग्रजी ओळखणाऱ्या मांडणीवर ठेवलेला होता, त्यामुळे ‘रीड’ने ‘प’चे तीन तुकडे तीन स्वतंत्र अक्षरे म्हणून हाती दिले. तिन्ही अनोळखी. आणि अनोळखी कळ म्हणजे ‘पुढचे’, हा नियम आमचाच! भाषेची मांडणी यूटीएफ-८ केली, ‘प’ला नावानिशी आज्ञावलीत बसवले आणि अनोळखी कळेला काहीच न करण्याची सक्त ताकीद दिली. मग ‘म’ मागचे, ‘थ’ थांब अशा कळा मुलांनीच ठरवल्या. एक-दोघांनी तेलुगू अक्षरेही लावून पाहिली. तीही तीन-तीन बाइटची, आणि चालली.

एक गोष्ट राहिली होती. राष्ट्रगीत चालू असताना चुकून कुणाचा हात लागला तर? ते मध्येच तुटणे कुणालाच नको होते, म्हणून तेवढा वेळ आज्ञावलीने कळफलकाकडे लक्षच द्यायचे नाही असे केले. तरी दुसऱ्या दिवशी राष्ट्रगीत संपताच राज्यगीत पहिल्याच शब्दापाशी थांबले. मधल्या ५२ सेकंदांत कुणीतरी ‘प’ आणि ‘थ’ दाबले होते आणि टर्मिनलने जुन्या टेलिटाइपच्या सवयीने ते जपून ठेवले होते. मग आणखी एक ओळ घातली : राष्ट्रगीत संपले की साठलेल्या कळा आधी वाचून टाकून द्यायच्या, आणि मगच नव्या कळेची वाट पाहायची.