बंदूक कोणाच्या हाती, कारण कोणाच्या तोंडी? फ्रँकी बेकर ते रिहाना

१/ ऑक्टोबर १८९९. अमेरिकेतील सेंट लुइस शहर. फ्रँकी बेकर या कृष्णवर्णीय तरुणीने प्रियकर ॲलन ब्रिट याच्यावर गोळी झाडली आणि काही दिवसांत तो मरण पावला. तो सुरी घेऊन अंगावर आला होता, असे तिने न्यायालयात सांगितले. स्वसंरक्षणाचा हा बचाव मान्य होऊन ती निर्दोष सुटली.

२/ न्यायालयाने सोडले, गाण्याने मात्र सोडले नाही. ‘फ्रँकी अँड जॉनी’ या नावाने गाजलेल्या त्या गाण्यात सुरी उरली नाही. उरली ती मत्सराने पेटून फसव्या प्रियकराला मारणारी बाई. त्यावर चित्रपटही निघाले. फ्रँकीने बदनामीबद्दल चित्रपट कंपन्यांवर दावे लावले, पण पदरी काहीच पडले नाही. १९५२ मध्ये ती वारली.

३/ पॉप व्हिडिओंतील हिंसक स्त्रीला ‘सबलीकरण’ म्हणावे की ‘हिंसेचे उदात्तीकरण’, हा वाद नवा वाटतो. फ्रँकीच्या कहाणीतून मात्र त्याहून जुना प्रश्न पुढे येतो : स्त्रीने शस्त्र का उचलले, हे सांगण्याचा अधिकार कोणाचा?

४/ पहिले उदाहरण : डिक्सी चिक्स या त्रयीचे ‘गुडबाय अर्ल’ (व्हिडिओ २०००). न्यायालयाचा संरक्षण आदेश असूनही नवरा बायकोला अतिदक्षता विभागात जाण्याइतके मारतो. मग ती आणि तिची मैत्रीण त्याला चवळीतून विष घालतात. मांडणी विनोदी, पण कारण सुस्पष्ट. काही रेडिओ केंद्रांनी गाणे वाजवण्यास नकार दिला. काहींनी गाण्यासोबत पीडित स्त्रियांसाठीचे मदत-क्रमांक सांगितले.

५/ दुसरे : रिहानाचे ‘मॅन डाउन’ (२०११). दिग्दर्शक अँथनी मँडलर, चित्रीकरण जमैकात. रेल्वे स्थानकाच्या गर्दीत ती एका पुरुषाला गोळी घालते, ही सुरुवात. नंतर कथा मागे जाते आणि त्याने तिच्यावर केलेला लैंगिक अत्याचार उघड होतो. गाण्याच्या शब्दांत त्या अत्याचाराचा उल्लेखही नाही. फ्रँकीच्या गाण्याने कारण पुसले होते. येथे व्हिडिओने गाण्याला कारण दिले.

६/ आणि ही नायिका विजयोन्मादात नाही. ती रडते, पळते, पश्चात्तापाने आईला हाक मारते. अत्याचारानंतर सूड हा मार्ग आहे, असे व्हिडिओ सुचवत नाही. तो सूडाचीही किंमत दाखवतो.

७/ तरीही पेरेंट्स टेलिव्हिजन कौन्सिल या संघटनेने आक्षेप घेतला : ख्रिस ब्राउनने व्हिडिओत स्त्रीला गोळी घातली असती, तर जग गप्प बसले असते काय? (२००९ मध्ये रिहानाला मारहाण केल्याचा गुन्हा याच गायकाने कबूल केला होता.) प्रश्न बिनतोड भासतो. इतिहासात मात्र त्याचे उत्तर आहे.

८/ १९०० च्या नाताळात जॉर्जियातील सव्हॅना येथे डेलिया ग्रीन ही अल्पवयीन मुलगी मारली गेली. तिच्यावरही गाणी झाली. जॉनी कॅशने १९९४ मध्ये त्यांपैकी एक गायिले. व्हिडिओत डेलिया झाली मॉडेल केट मॉस. निवेदन सारे मारेकऱ्याचे. स्त्रीला मारणारा पुरुष या परंपरेत कधीच दुर्मीळ नव्हता. दुर्मीळ होती मेलेल्या स्त्रीची बाजू.

९/ म्हणून स्त्रीच्या हातातील प्रत्येक बंदूक मुक्तीची ठरते काय? नाही. रिहानाच्याच २०१५ च्या ‘बिच बेटर हॅव माय मनी’मध्ये पैसे बुडवणाऱ्या हिशेबनिसाच्या पत्नीचे अपहरण होते, तिला विवस्त्र करून उलटे टांगले जाते. तिचा अपराध काय? काहीच नाही, नवऱ्याला धडा शिकवण्याचे ती निव्वळ साधन. अनेक स्त्रीवाद्यांनी त्यावर टीका केली, ती याच कारणाने.

१०/ दोन व्हिडिओ, गायिका एकच. एकात जखमी स्त्रीचे कारण ऐकू येते. दुसऱ्यात एका स्त्रीच्या सामर्थ्यासाठी दुसरी मुकी केली जाते. सबलीकरण शस्त्रात शोधले तर दोन्ही सारखेच दिसतील. ते कथनात शोधावे लागते. फ्रँकी बेकरच्या हाती बंदूक होती. आयुष्यभर तिला मिळाले नाही ते स्वतःचे गाणे.