नेत्रवैद्यांच्या पहिल्या परिषदेची पूर्वपीठिका

वैद्यकीय परिषदेची कार्यक्रमपत्रिका पाहिली असता प्रत्येक वक्त्याच्या नावापुढे त्याच्या पदव्या, त्याचे रुग्णालय आणि त्याचे अध्यापनाचे स्थान छापलेले आढळते. नेत्रविशारद म्हणजे आधी वैद्यकाची पदवी व नंतर नेत्रशास्त्राची उच्च पदवी संपादन केलेला गृहस्थ, हे आज आपण गृहीतच धरतो. परंतु हा राजमार्ग ज्यांनी प्रथम बांधला, ते स्वतः कोणत्या वाटेने आले होते? हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारण्याजोगा आहे. आणि मुलांच्या शिक्षणाची चिंता वाहणाऱ्या आपल्या वाचकांसही त्याचे उत्तर उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.

नेत्रचिकित्सा ही विद्या प्राचीन खरी. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्ररोगांचे विस्तृत विवेचन असून मोतीबिंदूवरील शस्त्रक्रियाही सांगितली आहे. तीक्ष्ण शस्त्राने मोतीबिंदू दृष्टीच्या वाटेतून बाजूस सारावयाचा, अशी ती रीत होती. युरोपातही हीच रीत शतकानुशतके चालू होती. परंतु तेथे ती पुष्कळदा गावोगाव फिरणाऱ्या वैदूंच्या हाती असे. हे लोक बाजारपेठेत डोळे उघडून दाखवीत आणि डोळा पिकून येण्यापूर्वी पुढच्या गावाचा रस्ता धरीत. १७५० साली प्रसिद्ध संगीतकार बाख यांच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया करणारे जॉन टेलर हे इंग्लंडच्या राजाचे नेत्रवैद्य म्हणून मिरवीत. तरी बाख यांची दृष्टी परत आली नाही आणि त्याच वर्षी ते निवर्तले. अशा धंद्यात कसब झाकून ठेवण्याकडे कल असे. ही रूढी मोडणाऱ्यांत फ्रान्सचे झाक दाव्हियेल यांचे नाव अग्रभागी आहे. मोतीबिंदू बाजूस न सारता तो डोळ्यातून बाहेर काढण्याची आपली रीत त्यांनी १७५२ साली पॅरिसच्या शस्त्रवैद्यांच्या विद्वत्सभेपुढे मांडली.

यानंतर सुमारे एका शतकाने, ज्या १८५७ साली मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, बेल्जमची राजधानी ब्रुसेल्स येथे नेत्रवैद्यांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. चोवीस देशांतून सुमारे दीडशे मंडळी जमली होती. या परिषदेत बर्लिनचे आल्ब्रेख्ट फोन ग्रेफे या अवघ्या २९ वर्षांच्या वैद्याने एक महत्त्वाचा शोध निवेदन केला. तीव्र काचबिंदू झाला की डोळा गेला, असेच तोवर समजले जाई. डोळ्यातील रंगीत पडद्याचा लहानसा भाग कापून काढल्यास आतील दाब उतरतो आणि दृष्टी वाचू शकते, हे ग्रेफे यांनी दाखवून दिले. अंधत्व अटळ मानलेल्या रोग्यास त्या दिवसापासून आशेला जागा झाली.

ग्रेफे हे शस्त्रवैद्याचे पुत्र. त्यांचे वडील बर्लिनचे नामांकित शल्यविशारद होते. पण मुलगा बारा वर्षांचा असतानाच ते वारले. पदवीनंतर ग्रेफे प्राग, पॅरिस, व्हिएन्ना, लंडन असे हिंडले. प्राग येथे फर्डिनांड आर्ल्ट यांच्या सहवासात त्यांचे मन नेत्रशास्त्राकडे वळले. हे आर्ल्ट बोहेमियातील गरीब लोहाराच्या घरी जन्मलेले. म्हणजे शल्यविशारदाच्या पुत्राला त्याची वाट दाखविली ती लोहाराच्या पुत्राने!

तिसरे डच विद्वान फ्रान्सिस्कुस डोंडर्स. नऊ भावंडांत हे सर्वांत धाकटे. पितृछत्र लहानपणीच हरपले. सतराव्या वर्षी ते उत्रेख्तच्या लष्करी वैद्यकीय शाळेत दाखल झाले, पलटणीचे वैद्य झाले आणि पुढे शरीरक्रियाशास्त्र शिकवू लागले. १८५१ साली लंडन येथे त्यांची व ग्रेफे यांची भेट झाली आणि ते नेत्रशास्त्राकडे ओढले गेले. चष्म्याचा नंबर काढण्याचे शास्त्र त्यांच्या १८६४ सालच्या ग्रंथाने पक्क्या पायावर उभे राहिले. डोळे तपासताना आपण जी लहानमोठ्या अक्षरांची पाटी वाचतो, ती त्यांचे सहकारी स्नेलेन यांनी १८६२ साली तयार केली. लंडनचे विल्यम बोमन हे तर आधी सूक्ष्मदर्शकाखाली स्नायू व मूत्रपिंड यांची रचना शोधणारे शारीरशास्त्रज्ञ. मूत्रपिंडातील एका भागास आजही त्यांचे नाव आहे.

आणि या सर्वांच्या हाती ज्यांनी दिवा दिला ते हेर्मान हेल्महोल्त्स नेत्रवैद्य नव्हतेच. त्यांचे वडील पॉट्सडामच्या विद्यालयात शिक्षक होते. मुलास भौतिकशास्त्राची ओढ. परंतु शिक्षकाच्या पगारात विद्यापीठाचा खर्च झेपेना. तेव्हा पुढे लष्करात वैद्य म्हणून चाकरी करण्याच्या करारावर त्यांनी सरकारी खर्चाने वैद्यक शिकून घेतले. पुढे अध्यापक झाल्यावर, विद्यार्थ्यांस पाठ समजावून देण्याच्या तयारीत असता, जिवंत माणसाच्या डोळ्याचा आतील पडदा पाहण्याचे यंत्र त्यांना सुचले. १८५१ साली त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तोवर नेत्रवैद्य बंद घराच्या बाहेरून आत काय घडले याचा अंदाज बांधीत होता. आता त्यास खिडकी मिळाली.

या पाच जणांच्या वाटा पाहिल्या म्हणजे दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की, विद्या कोणत्या घरी उतरेल याला जन्माचा नियम नाही. पलटणीचा वैद्य, लोहाराचा मुलगा, शिक्षकाचा मुलगा यांनी मिळून ती उभारली. दुसरी गोष्ट अधिक मोलाची. ग्रेफे यांनी १८५४ साली नेत्रशास्त्राचे नियतकालिक काढले आणि लवकरच आर्ल्ट व डोंडर्स त्यांचे सहसंपादक झाले. जे सापडले ते छापावयाचे, सभेत सांगावयाचे, इतरांनी ते पारखावयाचे, हा त्यांचा परिपाठ होता. १८७० साली क्षयाने ग्रेफे गेले तेव्हा त्यांचे वय अवघे ४२ होते. त्यांनी आपली विद्या मुठीत ठेवली असती तर ती त्यांच्याबरोबरच गेली असती. ती मागे राहिली, कारण ती आधीच देशोदेशींच्या वैद्यांच्या हाती पोचली होती. ब्रुसेल्सला सुरू झालेली ही परंपरा १९६२ साली आपल्या देशातही आली. त्या वर्षी नेत्रवैद्यांची एकोणिसावी जागतिक परिषद नवी दिल्ली येथे भरली.

हेल्महोल्त्स यांच्या शिक्षणाची सोय झाली नसती तर तो एक तरुण कोठेतरी पोटापुरती चाकरी करीत राहिला असता आणि नेत्रवैद्यांस कित्येक वर्षे अंधारातच चाचपडावे लागले असते. बुद्धिमान पण निर्धन विद्यार्थ्यास वेळेवर मिळालेले साह्य कोणाकोणाचे डोळे उघडील, हे देणाऱ्यास आधी कधीच कळत नाही. म्हणून घराण्याचा धंदा व घरची ऐपत यांवरून मुलाची मजल ठरवू नये, एवढीच विनंती करून आम्ही हा लेख पुरा करतो.