व्हेअरस्केप रेड : स्नोफ्लेकवरील उभारणी

डेटा वेअरहाउस बांधताना हाताने लिहावा लागणारा बराचसा एसक्यूएल कोड आपोआप तयार करून देणारे सॉफ्टवेअर. मूळचे न्यूझीलंडमधील ऑकलंडचे. 2019 पासून अमेरिकेतील आयडेरा या कंपनीच्या मालकीचे. पुढील नोंद ते स्नोफ्लेक या क्लाउडवरील डेटाबेससाठी कसे बसवतात, यापुरती आहे.

डेटा वेअरहाउसच्या मांडणीचे दोन जुने पंथ आहेत. एक बिल इनमन यांचा, ज्यांचे पुस्तक 1992 सालचे, तर दुसरा राल्फ किंबॉल यांचा, ज्यांचे पुस्तक 1996 सालचे. किंबॉल यांच्या फॅक्ट आणि डायमेन्शन टेबलांच्या पद्धतीत एका ग्राहक-टेबलासाठी जो कोड लागतो, तोच थोड्याफार फरकाने उत्पादन-टेबलाला, शाखा-टेबलाला आणि कर्मचारी-टेबलालाही लागतो. डॅन लिनस्टेट यांच्या डेटा व्हॉल्ट पद्धतीत तर हब, लिंक आणि सॅटेलाइट या प्रकारच्या टेबलांची संख्या शेकड्यांत जाते. इतकी पुनरावृत्ती माणसाने करत बसू नये, हा या सॉफ्टवेअरमागचा विचार. कोणत्या स्रोतातून कोणता कॉलम कुठे जातो याची माहिती रेड स्वतःच्या रेपॉझिटरीत ठेवते, ती साच्यात घालते आणि कोड बाहेर काढते. हा कोड चालतो स्नोफ्लेकमध्येच. डेटावरची मेहनत रेडच्या यंत्रावर होत नाही. या रचनेचा एक परिणाम सुरुवातीलाच लक्षात घ्यावा : मांडणी करताना झालेली चूक एका जागी राहत नाही, साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक टेबलात ती उमटते. म्हणून सॉफ्टवेअर बसवायला अर्धा दिवस पुरत असला तरी मांडणी ठरवायला आठवडा दिला, तर तो वाया जात नाही.

बसवण्याचा भाग थोडक्यात असा. रेडचा पडदा विंडोज यंत्रावर चालतो. त्याच यंत्रावर स्नोफ्लेकचा 64-बिट ओडीबीसी ड्रायव्हर घालून डीएसएन, म्हणजे जोडणीची नोंद, तयार करतात. रेडच्या दहाव्या आवृत्तीची रेपॉझिटरी पोस्टग्रेसक्यूएलमध्ये राहते, म्हणजे टेबलांची कुंडली एका डेटाबेसमध्ये आणि टेबले दुसऱ्यात. मग लायसन्स, स्नोफ्लेकसाठीचे साचे आणि स्क्रिप्ट यांचा संच आणि शेवटी ठरल्या वेळी कामे चालवणारा शेड्युलर.

स्नोफ्लेक ही कंपनी 2012 साली बेन्वा दाजव्हिल, तिएरी क्रुआन आणि मार्चिन झुकोव्स्की यांनी स्थापन केली. तिच्या परिभाषेत ‘वेअरहाउस’ म्हणजे डेटाचे कोठार नव्हे, तर प्रश्न सोडवणारी गणनयंत्रांची तुकडी. डेटा वेगळ्या जागी पडून असतो. तुकडी हवी तेव्हा जागी करायची आणि काम झाले की झोपवायची. नवशिक्यांचा सगळ्यात आधी गोंधळ होतो तो याच शब्दावर. ‘वेअरहाउस बंद केले तर डेटा जाईल का?’ हा प्रश्न प्रत्येक नव्या चमूत कोणीतरी विचारतेच, आणि तो विचारायलाच हवा. उत्तर नाही असे आहे.

खाते उघडताना क्लाउड आणि प्रदेश निवडावा लागतो. ॲमेझॉनचा मुंबई प्रदेश आणि मायक्रोसॉफ्टचा ‘सेंट्रल इंडिया’ म्हणजेच पुणे, हे दोन्ही पर्याय उपलब्ध आहेत. खाते निवडलेल्या प्रदेशाला बांधलेले असते, त्यामुळे ही निवड घाईने करू नये.

यानंतर रोल, म्हणजे अधिकारांचे संच. अकाउंटॲडमिन हा सर्वाधिकारी रोल रेडला कधीही देऊ नये, मग घाई कितीही असो. रेडसाठी वेगळा रोल आणि शेड्युलरसाठी ‘सर्व्हिस’ प्रकारचा युजर करावा. अशा युजरला पासवर्डने आत येताच येत नाही, त्यामुळे त्याच्यासाठी किमान 2048 बिटांची आरएसए किल्ल्यांची जोडी बनवतात. स्नोफ्लेकमध्ये टेबल ज्या रोलने बनवले त्याच्या मालकीचे होते. डेव्हलपरने स्वतःच्या रोलने टेबल बनवले आणि रात्री शेड्युलर दुसऱ्या रोलने तेच टेबल नव्याने बनवू लागला, की काम अडते. यावर साधा उपाय म्हणजे बांधणीचा रोल एकच ठेवणे आणि वाचणाऱ्यांच्या रोलला पुढे होणाऱ्या टेबलांचेही अधिकार आधीच देऊन ठेवणे. त्यासाठी ‘फ्यूचर ग्रँट’ची सोय आहे.

नावांचा प्रश्न याला जोडूनच येतो. अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेले नाव स्नोफ्लेक रोमन लिपीतील मोठ्या अक्षरांत साठवते. अवतरणचिन्हांत लिहिलेले जसेच्या तसे. साच्याने लहान अक्षरांतले नाव अवतरणचिन्हांत टाकले आणि विश्लेषकाने ते चिन्हांशिवाय विचारले, तर समोर असलेले टेबलही सापडत नाही. त्यावर येणारा संदेश एवढाच, की ही वस्तू अस्तित्वात नाही किंवा तुम्हाला अधिकार नाही. नाव चुकले, स्कीमा चुकला, अधिकार नाही : तिन्ही वेळा उत्तर हेच. माणूस अधिकार तपासत तास घालवतो आणि चूक निघते अवतरणचिन्हात. म्हणून पहिले टेबल बांधण्याआधीच अवतरणचिन्हांची सवय बंद करावी.

भारतातून काम करणाऱ्यांनी सर्वांत जपावी अशी जागा म्हणजे टाइमझोन. स्नोफ्लेकमध्ये त्याचे मूळ मूल्य ‘अमेरिका/लॉस एंजेलिस’ असते आणि ‘आत्ता किती वाजले’ या प्रश्नाचे उत्तर सत्राच्या टाइमझोनप्रमाणे मिळते. रेड प्रत्येक टेबलात स्वतःचे काही कॉलम घालते, त्यांपैकी डीएसएस_अपडेट_टाइम हा ओळ केव्हा भरली ते सांगतो. समजा पुण्यातल्या कार्यालयात 1 एप्रिलला सकाळी 9 वाजता लोड चालवला. लॉस एंजेलिसमध्ये तेव्हा 31 मार्चच्या रात्रीचे 8.30 झालेले असतात. आजच्या तारखेवरून आर्थिक वर्ष ठरवणारे गणित साच्यात असेल, तर त्या सकाळच्या साऱ्या ओळी गेल्या वर्षात जाऊन बसतात, आणि कोणतीही चूक दाखवली जात नाही. दुपारी 12.30 नंतर चालवलेला लोड मात्र बरोबर वर्षात पडतो. म्हणजे एकाच दिवसाची अर्धी नोंद इकडे, अर्धी तिकडे. हिवाळ्यात अमेरिकेतली घड्याळे तासभर मागे येतात, मग हे अंतर साडेबारा तासांऐवजी साडेतेरा होते. खात्याच्या पातळीवर किंवा निदान रेडच्या युजरसाठी टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ किंवा यूटीसी असा स्पष्ट लिहावा. कोणता निवडला याहून तो सगळीकडे एकच असणे महत्त्वाचे.

मराठी मजकूर असलेल्या डेटाची एक वेगळी अडचण आहे. स्नोफ्लेक मजकूर यूटीएफ-8 मध्ये ठेवते आणि कॉलमची लांबी कॅरेक्टरमध्ये मोजते. ‘ज्ञानेश्वर’ या नावात आपल्याला चार अक्षरे दिसतात. यंत्राला त्यात ज, हलन्त, ञ, काना असे करत 10 कॅरेक्टर दिसतात, आणि प्रत्येकाला 3 प्रमाणे 30 बाइट लागतात. डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांवरून कॉलमची रुंदी ठरवली, तर लांब नावे बसत नाहीत आणि लोड अडतो. त्याहून वाईट गोष्ट म्हणजे स्रोतातून फाइल काढतानाच जुने कोडपेज वापरले गेले, तर सगळ्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. ती परत अक्षरे होत नाहीत. स्रोतातून पुन्हा डेटा काढावा लागतो. चाचणीच्या फाइलमध्ये जोडाक्षरे असलेली दहा-वीस नावे मुद्दाम घालावीत.

डेटा आत येण्याचा नेहमीचा मार्ग असा : स्रोतातून फाइल काढणे, ती दाबून ‘स्टेज’ या तात्पुरत्या जागेत ठेवणे आणि ‘कॉपी’ आज्ञेने टेबलात ओतणे. दाबलेल्या फाइलचा आकार 100 ते 250 एमबीच्या आसपास असावा, अशी स्नोफ्लेकची शिफारस आहे. एकच अवाढव्य फाइल दिली तर तुकडीतल्या अनेक हातांना समांतर काम मिळत नाही. ‘कॉपी’ आज्ञा कोणत्या फाइली भरल्या हे 64 दिवस लक्षात ठेवते आणि न बदललेली फाइल पुन्हा आली तर मुकाट्याने सोडून देते. लोड टेबल ‘ट्रंकेट’ने रिकामे केले तर ही आठवणही पुसली जाते, ‘डिलीट’ने केले तर शिल्लक राहते. फसलेला लोड पुन्हा चालवल्यावर काम यशस्वी दिसते आणि ओळी शून्य येतात, याचे कारण पुष्कळदा इथे सापडते.

प्रायमरी कीबद्दलही सावध असावे. स्नोफ्लेकच्या साध्या टेबलांत ती जाहीर करता येते, पण पाळली जात नाही. सक्तीने पाळला जातो तो फक्त ‘नॉट नल’. एकाच ग्राहकाच्या दोन ओळी डायमेन्शनमध्ये शिरल्या तर डेटाबेस अडवणार नाही. दुबार ओळी शोधण्याची तपासणी साच्यातच घालणे हाच खात्रीचा मार्ग.

खर्चाचे गणित वेअरहाउसच्या आकारावर आणि जागेपणावर चालते. सर्वांत लहान, एक्स-स्मॉल आकाराला तासाला 1 क्रेडिट लागते आणि पुढच्या प्रत्येक आकाराला दुप्पट. आकारणी सेकंदावर होते, मात्र दर वेळी जागे करताना किमान 60 सेकंदांचे पैसे द्यावे लागतात. आज्ञेने वेअरहाउस बनवले आणि काहीच सांगितले नाही, तर काम संपल्यावर ते 600 सेकंद जागे राहते. दर पंधरा मिनिटांनी एक मिनिटाचे काम असेल, तर तासाला चार मिनिटांच्या कामासाठी 44 मिनिटांचे पैसे जातात. तीच मर्यादा 60 सेकंदांवर आणली की 8 मिनिटांचे. हा एक आकडा बदलायला लागतो तेवढ्या श्रमात इतकी बचत दुसऱ्या कोणत्याही ठिकाणी होत नाही. लोड आणि स्टेज टेबले ‘ट्रान्झियंट’ प्रकारची ठेवावीत. रोज नव्याने भरणाऱ्या टेबलांना सात दिवसांच्या ‘फेल-सेफ’ साठवणीची गरज नसते.

विकास, चाचणी आणि प्रत्यक्ष वापर यांसाठी तीन डेटाबेस आणि तीन रेपॉझिटऱ्या ठेवतात. स्नोफ्लेकचे ‘क्लोन’ डेटाची खरी प्रत न काढता चाचणीचा डेटाबेस काही क्षणांत उभा करते, पण पोस्टग्रेसक्यूएलमधली रेपॉझिटरी त्यात येत नाही. ती गेली तर स्नोफ्लेकमधली टेबले आणि डेटा जागेवर राहतात. कोणता कॉलम कुठून आला, कोणत्या नियमाने बदलला आणि कोणत्या क्रमाने चालवायचा, ही माहिती मात्र नाहीशी होते. तिचा बॅकअप रोज आणि वेगळ्या यंत्रावर घ्यावा, आणि रेडची आवृत्ती बदलण्याआधी तो एकदा परत उभा करून पाहावा.