किनारपक्षी : शिकारभय, सावधता व थवे

चिखलाणींवर चरणाऱ्या पक्ष्यांचे शिकारी पक्ष्यांच्या भयातून घडणारे वर्तन. भक्ष्य टिपताना मान खाली जाते आणि नजर आकाशावरून हटते. म्हणून पोट भरणे व जीव वाचवणे यांत या पक्ष्यांना सतत तडजोड करावी लागते.

थव्यात टेहळणी अनेक डोळ्यांत वाटली जाते, त्यामुळे प्रत्येकाला चरायला अधिक वेळ मिळतो. एका हल्ल्यात बहुधा एकच पक्षी सापडत असल्याने प्रत्येकाचा धोकाही घटतो. शेजाऱ्यांच्या जवळ राहणारा प्राणी स्वतःभोवतीचे धोक्याचे क्षेत्र आक्रसतो, असे जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी १९७१ मध्ये मांडले.

स्कॉटलंडमधील टिनिंगहॅम खाडीत रेडशँक पक्ष्यांवर स्पॅरोहॉक हा शिकारी पक्षी झाडीआडून अचानक झडप घालतो. शेजाऱ्यांपासून दूर चरणारे पक्षी अधिक वेळा लक्ष्य होतात. मात्र दाटीत पुढच्यांच्या पावलांनी चिखलातले जीव बिळांत दडतात व अन्न कमी मिळते. कडाक्याच्या थंडीत भूक तीव्र झाली की रेडशँक खाद्य विपुल पण धोकादायक असलेल्या झाडीलगतच्या जागाही पत्करतात.

कॅनडाच्या फ्रेझर त्रिभुज प्रदेशात ससाण्यांना घातक ठरलेल्या डीडीटी या कीटकनाशकावरील निर्बंधांनंतर बहिरी ससाणे पुन्हा वाढले. तेव्हापासून तेथील डनलिन पक्षी भरतीच्या वेळी किनाऱ्यावर न विसावता समुद्रावर दीर्घकाळ थव्याने उडत राहतात. सुरक्षिततेची ही किंमत शरीरातील ऊर्जेने चुकवावी लागते. विचलित होऊन उडावे लागले तरी ऊर्जा अशीच खर्च होते; म्हणूनच विश्रांतीच्या जागी माणसांचा व कुत्र्यांचा उपद्रव टाळणे संरक्षणाच्या दृष्टीने अत्यावश्यक आहे.